अर्धी गोळी

तिनं गोळी मधल्या रेघेवर दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरली आणि दाबली. नेहमी टक् असा आवाज व्हायचा. आज काहीच आवाज न होता गोळीचा भुगा झाला.

"अहो, तुमची गोळी ढेपाळली."

"अर्धीच तर घ्यायची आहे. बोटानं चाटतो," नवरा पाण्याचा पेला घेऊन तयारच होता.

"थांबा जरा."

ती शिवणकाम करणारी बाई. कापड हातात आलं की तिला त्याचा पोत कळायचा, तशी नवऱ्याची ही रक्तदाबाची गोळीही तीन वर्षं रोज मोडून बोटांच्या ओळखीची झाली होती. तिनं दुसरी मोडली. पुन्हा भुगा. आता मात्र तिला स्वस्थ बसवेना. नवरा एकदा गोळी घ्यायला विसरला होता, आणि त्याला चिडवायला म्हणून तो अर्धा तुकडा तिनं बटणांच्या डबीत जपून ठेवला होता. तो काढून तिनं नव्या गोळीशेजारी ठेवला. रंग तोच, पण नवीवरची रेघ कुणी घाईत ओढावी तशी उथळ होती.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं आधी खोका पाहिला, मग आतली पट्टी.

"दोन्हींवरचे बॅच नंबर वेगळे आहेत. हे माझ्याकडचं नाही. बिल आहे?"

"बिल कसलं? दिरानं आणून दिलं. त्याच्या कुणा ओळखीच्याकडून."

"बनावट असावं, मुळीच देऊ नका. मी तक्रार करून तपासायला पाठवतो. सध्या ही पट्टी न्या, बिलासकट."

घरी येऊन तिनं त्यातली गोळी मोडली. टक्. तिला हायसं वाटलं आणि पाठोपाठ दिराचा राग आला. स्वस्तात मस्त शोधायची त्याची खोड जुनीच होती. आज त्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून तिनं फोन लावला.

"काय वहिनी, मिळाल्या ना गोळ्या? दादाला म्हण, बिनधास्त घे. महिनाभर मीही त्याच घेतोय."

तोंडाशी आलेलं सगळं तिनं गिळलं.

"भाऊजी, मोडताना भुगा होतो का हो त्यांचा?"

"मोडतंय कोण? झटका आल्यापासून डॉक्टरांनी मला अख्खी दिलीय. अगदी न चुकता घेतो."

फोन कानाशी धरूनच तिनं खुंटीवरची पिशवी ओढली.

"वहिनी? ऐकू येतंय ना?"

"घरीच थांबा. मी येतेय. आपल्याला डॉक्टरांकडे जायचंय."

फोन ठेवून तिनं बिल आणि नवी पट्टी पिशवीत टाकली आणि चपलांत पाय सरकवले.