म्हशीचे इंजेक्शन म्हणू नका मला

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. तुमच्या पुस्तकात मला संप्रेरक म्हणतात. माझे नाव ऑक्सिटोसिन. मेंदूच्या तळाशी माझा जन्म होतो आणि रक्तातून मी अंगभर फिरतो. बाळंतपणात कळा मीच आणतो, आईला पान्हाही माझ्यामुळेच फुटतो. जवळच्या माणसाने मायेने हात लावला तरी मी येतो आणि दुखणे थोडे हलके करतो. एवढे करूनही आमच्या वडवणीकडे लोक मला ओळखतात ते दूध काढायला टोचायचे म्हशीचे इंजेक्शन म्हणून! याचा मला भारी राग येतो.

मी भिवराबाईच्या अंगात राहतो. तिने जन्मभर उसाच्या मोळ्या वाहिल्या. तिचा मुलगा उत्तरेश्वर जन्मला तेव्हा मला उसंत नव्हती. तो मोठा झाला आणि मला फारसे कोणी बोलावेना.

यंदा तिच्या हाडांत कॅन्सर उतरला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. गोळी तगडी, तिच्यापुढे मी लहान. पण आमचे जमते. मी सोबत असलो की गोळीचा गुण जास्त येतो, असे काही अभ्यासकांना दिसले आहे. ते अजून तपासत आहेत. डॉक्टरांनी हे उत्तरेश्वरला समजावले आणि आईजवळ बसत जा म्हणून सांगितले. त्याच्या ध्यानात राहिले फक्त माझे नाव.

गोळी घेऊनही आई कण्हते, हे त्याला बघवेना. एका दुपारी तो गोठ्यातली माझ्या नावाची बाटली आणि सुई घेऊन खाटेपाशी आला. मी घाबरलो. दूध काढण्यासाठी म्हशीला हे टोचायलाही बंदी आहे. भिवराबाईचा तर रक्तदाब घसरून जिवावर बेतले असते.

तिने सुईकडे पाहिले.

"मी काय म्हैस हाय का रं? ठिव ते. आन् बस हितं."

तो बसला. वयात आल्यापासून त्याने आईच्या पायांना हात लावला होता तो सणावारी, नमस्कारापुरता. आता तो हलक्या हाताने पाय चोळू लागला आणि त्याला रडू आले. मी धावतच निघालो. गोळी आधीच कामाला लागली होती. मी तिला हातभार लावला.

दुखणे गेले नाही, पण कण्हणे थांबले. "लई दिसांनी बसलास," भिवराबाई म्हणाली आणि तिचा डोळा लागला.

मित्रांनो, गोळी डॉक्टर सांगतील तेवढीच आणि वेळेवर द्या. तिची जागा मला घेता येत नाही. पण पाणी पाजून झाले की लगेच उठू नका. पेला खाली ठेवा, हात हातात घ्या. मी येतोच.