डोरा केम्प नक्की कुणाची?

होबार्टजवळच्या आमच्या लिंडिसफार्नच्या क्लबात एकूण अकरा माणसं आहेत, आणि आपलं नाव कुठे कुठे लागायचं राहिलं हे प्रत्येकाला तारखेनिशी पाठ आहे. आम्ही बोटी बांधतो. खऱ्या नव्हे, संगणकावरच्या. डेरवेंट नदीत एके काळी धावलेली एखादी बोट निवडायची, जुने फोटो जमवायचे, खिळ्याखिळ्यासकट ती संगणकात उभी करायची आणि एका साइटवरून जगाला फुकट वाटायची. मग नॉर्वेतला कुणी दंतवैद्य जेवण झाल्यावर घरबसल्या, संगणकावरच, ती होबार्टच्या धक्क्याला लावतो. आम्हाला यातून काय मिळतं? नाव. प्रत्येक बोटीबरोबर एक चिठ्ठी जाते : घ्या, चालवा, विकू नका, माझं नाव काढू नका. ही चिठ्ठी जगात कुणी वाचत नाही. पण तिच्यातली एक ओळ चुकली, तर आमच्यात वर्ष वर्ष अबोला चालतो.

मर्व्ह टॉलंड आमच्यातला सगळ्यात काटेकोर. जन्मभर त्यानं लोकांचे फ्रीज दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावर ‘डोरा केम्प’ या १९२८ सालच्या फेरीबोटीला वाहून घेतलं. सहा वर्षं लागली. खरी डोरा नदीकाठच्या चिखलात कुजत होती. तिथल्या हौशी मंडळींनी ट्रस्ट काढून तिची दुरुस्ती चालवली होती. ना मर्व्ह कधी त्यांच्याकडे गेला, ना ते मर्व्हकडे आले.

मार्चच्या बैठकीला तो आला आणि लॅमिंग्टन केकच्या ताटलीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. कुणीतरी गेलं असणार, असं मला वाटलं.

“डोरा काढून टाकली,” तो म्हणाला. “साइटवरून. ट्रस्टच्या डिझायनरनं तक्रार केलीय. म्हणे माझं मॉडेल त्याच्या अधिकृत मॉडेलची नक्कल आहे. चौदा दिवसांत उत्तर दिलं नाही, तर कायमची गेली.”

“मग दे की उत्तर!”

“त्यात लिहून द्यावं लागतं, वेळ पडली तर कोर्टात यायला तयार आहे म्हणून.”

“आणि मी त्याला सांगितलंय,” त्याची बायको ग्लेनिस कपात चहा ओतत म्हणाली, “आधी मला घटस्फोट दे, मग कोर्टात खुशाल तंबू ठोकून राहा.” ग्लेनिसला बोटींत काडीचा रस नाही. मर्व्हच्या मोतीबिंदूपासून गाडी तिला चालवावी लागते, एवढाच तिचा आणि क्लबाचा संबंध.

ट्रेव्हरनं घसा साफ केला. ट्रेव्हर शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला कॉपीराइटवर बोलायला आवडतं, आणि त्याचं बोलणं पुरं होऊ न देणं हा आमचा जुना रिवाज आहे. “मुद्दा असा, की बोटीवर आता कुणाचा हक्क नाही. आराखड्यावर असू शकतो. मॉडेलवर असतोच. पण मॉडेलवरून केलेल्या मॉडेलवर—”

“ट्रेव्हर, बाबा, माझं बीपी वाढतंय,” मर्व्ह म्हणाला.

रॉझ पूर्वी नर्स होती. नेमक्या जागी बोट ठेवायची तिची सवय गेलेली नाही. “हे अधिकृत मॉडेल तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का?”

कुणीच पाहिलं नव्हतं. रविवारी ट्रस्टची बोटशेड लोकांसाठी खुली असणार होती. आम्ही दोन गाड्या भरून गेलो.

शेडमध्ये ह्यूऑन पाइनच्या लाकडाचा घमघमाट सुटला होता. डोरा ओंडक्यांवर उभी होती, रंगाचा शेवटचा हात चालू होता. दारापाशी मोठ्या पडद्यावर अधिकृत मॉडेल, फक्त बाहेरून, गोल गोल फिरत होतं आणि खाली डिझायनरचं नाव बोटीच्या नावाहून मोठ्या अक्षरांत. मर्व्ह पडद्याला नाक लावून उभा राहिला.

“माझंच आहे,” तो म्हणाला. “पण सांगणार कसं? बोट एक, फोटो तेच. दोघांनी बरोबर बांधली तर दोन्ही सारखीच दिसणार. बरोबर काम केल्याचा हा तोटा.”

सहा वर्षं ज्यानं एकही चूक राहू दिली नाही, त्याला आता कुठेतरी एखादी चूक हवी होती, आणि ती सापडत नव्हती. त्याचं तोंड बघवत नव्हतं. ग्लेनिसलाही बघवलं नसावं. बसायला जागा शोधते म्हणून ती शिडीवरून डोरात चढली.

पाचच मिनिटांनी आतून हाक आली. “मर्व्ह! इकडे ये. आत्ताच्या आत्ता!”

आम्ही सगळेच धावलो. बायकांच्या केबिनमध्ये ग्लेनिस एका भांड्यांच्या कपाटासमोर उभी होती. वर बशांच्या फळ्या, खाली चार खण, सगळं झगझगीत नव्या लाकडात.

“हे माझं कपाट आहे,” ती म्हणाली.

आता आमची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बाहेरच्या माणसाला आम्ही ती सांगत नाही. एखाद्या खोलीचा फोटोच मिळाला नाही, तर ती रिकामी ठेवायची नाही, घरातलं काहीतरी मापून तिथे बसवायचं. याला आम्ही भर म्हणतो. ट्रेव्हरच्या मालबोटीला त्याच्या संडासाचं दार आहे. रॉझच्या टगबोटीत तिच्या कुत्र्याचं घर आहे. आणि डोराच्या बायकांच्या केबिनचा फोटो जगात कुणाकडेच नव्हता, म्हणून मर्व्हनं तिथे घरचं कपाट बसवलं होतं; भरीला आम्ही चूक धरत नाही, त्यामुळे ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कपाटाशेजारी पितळी पाटी होती. ग्लेनिसनं ती मोठ्यानं वाचली : “मूळ रचनेनुसार घडवलेले कपाट. तिसऱ्या खणाची मूठ वेगळी आहे, ती कर्मचाऱ्यांना अंधारात चमचे सापडावेत म्हणून.” आणि ती मटकन बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसली. “अरे, ती मूठ फ्रीजच्या दाराची आहे! माझ्या बाबांनी बसवलेली मूठ तू तोडलीस, ही लावलीस, आणि उद्या बदलतो म्हणालास!”

“बदलणार आहे,” मर्व्ह म्हणाला.

हसणं ऐकून ट्रस्टच्या अध्यक्ष अँथिया व्हुकोविच आत आल्या. कोपरापर्यंत रंग माखलेला. “आवडलं का कपाट? आमच्या सुतारांचे पाच महिने गेले त्यात.”

ग्लेनिसनं फोनमधला नाताळचा फोटो काढून त्यांच्यापुढे धरला : नातवंडं, केक, आणि मागे कपाट. अँथियांनी फोनकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं.

“माझ्या बाबांनी बांधलंय,” ग्लेनिस म्हणाली. “सिरिल ब्रॅडॉक, अल्व्हरस्टोन गावचे. त्यांचा बोटीशी काय संबंध, बाई! ते धक्क्यावर उभे राहिले तरी ओकायचे.”

“पण डिझायनर म्हणाला, त्याला जुने आराखडे सापडले...”

“सापडले की. माझ्या मॉडेलमध्ये,” मर्व्ह म्हणाला.

अँथिया फार चांगल्या. उभ्या उभ्या त्यांनी डिझायनरला फोन लावला, दोन वाक्यं बोलल्या आणि त्याची पाच वाक्यं ऐकली. तक्रार मागे घेतल्याचा संदेश आम्ही केबिनमध्ये असतानाच साइटवर गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण मर्व्ह पांढराफटक पडला होता.

“हे कपाट काढा,” तो म्हणाला. “मॉडेलमध्ये भर ठीक आहे. खऱ्या बोटीत कशी चालेल?”

“पुढच्या शनिवारी बोट पाण्यात जायचीय!” अँथिया म्हणाल्या.

“हात तर लावून बघ त्याला,” ग्लेनिस म्हणाली.

“अगं, ही बोट इतिहासाची वस्तू आहे.”

“आणि माझे बाबा काय काल जन्मले?”

“मुद्दा असा,” ट्रेव्हर म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही त्याला पुरं बोलू दिलं, “की मॉडेल मर्व्हचं असलं तरी कपाटाची रचना सिरिलची. त्याचा हक्क असलाच तर वारशानं ग्लेनिसकडे जातो. परवानगी मागायचीच तर तिच्याकडे मागा.”

“कायद्यानं?” ग्लेनिसनं विचारलं.

“बहुतेक.”

“बहुतेक पुरे.” पर्स मांडीवर घेऊन ती ताठ बसली. इतकी वर्षं क्लबाला चहा पाजणाऱ्या बाईला कुणीतरी पहिल्यांदाच परवानगी मागत होतं, आणि तिनं ती घाईनं दिली नाही. पाटीवर खरं लिहायचं. डिझायनरचं नाव खाली उतरायचं, मर्व्हचं वर चढायचं. कपाट जागचं हलायचं नाही. अँथियांनी हातातल्या रंगाच्या डब्याच्या झाकणावर पेन्सिलीनं सगळं लिहून घेतलं.

शनिवारी सकाळी डोरा साइटवर परत आली आणि दुपारी खरी डोरा नदीत उतरली. बँड, स्कॅलप शिंपल्यांची गरम पाई, अर्धं लिंडिसफार्न धक्क्यावर. केबिनमध्ये नवी पाटी होती : हे कपाट या बोटीत कधीच नव्हते. खाली सिरिल ब्रॅडॉक आणि मर्व्ह टॉलंड यांची नावं.

काठी टेकत एक म्हातारा आत आला. एरिक डनेज, वय ब्याण्णव. पूर्वी याच बोटीवर दोर ओढायचा. त्यानं पाटी वाचली आणि नाक उडवलं. “थापा! सोळा वर्षं काढली मी इथे. हेच कपाट. तिसऱ्या खणातली बिस्किटं मी चोरायचो.”

मर्व्हनं तोंड उघडलं. सहा वर्षं तो असा साक्षीदार शोधत होता, आणि मिळाला तो असा! ग्लेनिसनं नवऱ्याकडे नुसतं बघितलं. मर्व्हनं तोंड मिटलं, मग खिशातून वही काढली.

“बरं, आणि कपाटाच्या डाव्या बाजूला काय होतं?”

“आरसा. तडा गेलेला. एका लग्नाच्या वरातीत कुणाचा तरी बूट लागला.”

“आमच्याकडे असला आरसा नाही हं,” ग्लेनिस हळूच म्हणाली. “म्हणजे खरा असेल.”

मर्व्हचा चेहरा पार उजळला. म्हाताऱ्याला बाकावर बसवून तो शेजारी टेकला. “मिस्टर डनेज, तुमचं नाव मी चिठ्ठीत घालणार आहे. आता नीट आठवून सांगा, तडा उभा होता की आडवा?”