नादार मालकाचा पाखऱ्या

मी पाखऱ्या बोलतोय. शंकरपटाच्या शर्यतीत धावणारा बैल. माझ्या नावाने शिट्ट्या पडल्या, शिंगांवर गुलाल चढला, तरी आज मान वर करून बोलायची मला लाज वाटते.

माझा मालक ईश्वर. लाखनीत हायवेला त्याचं टाइल्स-फरशीचं दुकान होतं. शेती नव्हती, त्यामुळे नांगराला मला कधी जुंपलंच नाही. मला पाळलं ते निव्वळ हौसेपायी. दूध, अंडी, उडदाचा भरडा! घरात मालकीण रुखमा पातळ वरणावर भागवायची आणि माझी गव्हाण मात्र भरलेली. मला वाटायचं, आपण फार लाडके.

पुढे दुकान बसलं. ईश्वर बायांची भिशी चालवायचा, तीही बुडाली. तिच्यात कौशल्याबाईचे पैसे होते. शाळेत खिचडी शिजवून तिने ते मुलीच्या, मोनाच्या, नर्सिंगच्या प्रवेशासाठी साठवलेले. ती मागायला आली की ईश्वर म्हणायचा, "देतो ना बाई, मी का पळून जाऊन राहिलो?"

मग तो कोर्टात गेला. माझ्याकडे काहीच उरलं नाही, मला नादार ठरवा आणि देण्यांतून सोडवा, असा अर्ज केला. खरोखर बुडालेल्या माणसासाठी कायद्याने ठेवलेली ती वाट आहे, चांगलीच आहे. पण शपथेवर मालमत्ता सांगताना ईश्वर मला विसरला. विसरला कसला! आधीच मला टेम्पोत घालून सानगडीला, रुखमाच्या भावाच्या म्हणजे मधुकररावांच्या गोठ्यात बांधून आला होता. माणसं बिनडोकाला बैल म्हणतात. म्हणोत बापडी. शपथेवर खोटं बोलणारा बैल मी अजून पाहिलेला नाही.

गप्प बसला असता, तर अर्ज मंजूरही झाला असता. पण थंडीत सानगडीजवळ पट भरला आणि ईश्वरला राहवेना. 'मधुकररावांची जोडी' म्हणून मला त्यांच्या बैलासोबत छकड्याला जुंपलं. मी जीव तोडून धावलो, कारण मला दुसरं काही येतच नाही. पहिला नंबर आला. मधुकरराव बक्षीस घ्यायला मंचावर चढले, माइकवर त्यांच्या नावाचा जयजयकार झाला. ते मात्र ईश्वरला सोसवलं नाही. गर्दीतून घुसून त्याने माइक हिसकला.

"साळ्याचा नाही! पाखऱ्या माहा हाय, ईश्वरचा! मीच पोसलं याले!"

पट म्हटला की आमच्याकडे घरोघरी पाहुणे. कौशल्याबाईचं माहेर तिथलंच. आजोळी आलेली मोना मोबाइलवर शर्यत टिपत होती, तिने मालकालाही टिपलं.

कोर्टाची तारीख झाली तशी रुखमा भावाकडे आली आणि माझ्या गव्हाणीपाशीच बसली. "जजसाहेबानं मोनाचा व्हिडिओ पाह्यला. म्हणलं, पैसे बुडवाले कोर्टाचा आडोसा घेतला तुमी, अर्जात खोट हाय. फेटाळून टाकला. कौशल्याबाई माह्या बाजूलेच बसली होती, दादा. एक शब्द नाही बोलली मले."

 

मोनाची फी मी खाल्ली होती. अंडी म्हणून, उडीद म्हणून, मिटक्या मारत. बैलाला रवंथाची सवय. ते दिवस पुन्हा पुन्हा तोंडाशी येतात आणि आता गोड लागत नाहीत.

मला विकून घेणेकऱ्यांचं भागवायचं ठरलं आहे. गिऱ्हाइकं येतात, दात बघतात, खूर दाबतात, "वय झालं याचं" म्हणत भाव पाडतात. काल मोना आली होती. गोठ्याच्या दारात उभी राहून तो पडणारा भाव ऐकत होती. प्रवेशाची मुदत जवळ आली आहे तिची.

बाप्पा हो, मला लबाडाचा बैल म्हणा, मान खाली घालून ऐकेन. पण भाव पाडू नका. विश्वास नसेल तर आत्ताच जुंपून बघा. या पोरीसमोर मी जसा धावेन, तसा कुठल्याच पटात धावलो नसेन.