घयाथी ते मझैरा, संध्याकाळी परत

गुरुवारी शेवटच्या तासाला नोटीस लागली. शनिवारच्या थ्रोबॉल स्पर्धेला मुलींची टीम जाणार नाही, कारण शाळेची बस मुलांच्या क्रिकेट टीमला अबुधाबीला घेऊन जाणार आहे. खाली एक गोड वाक्य होतं: मुलींना पुढच्या वर्षी नक्की संधी देऊ.

सुचित्रा त्या वेळी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ब्युरेट धूत होती. सहा वर्षं ती या शाळेत लॅब असिस्टंट होती आणि तिची मुलगी दिया इथंच बारावीत शिकत होती. नोटिशीचा फोटो काढून दिया थेट लॅबमध्ये आली. तिच्यामागे टीमची कॅप्टन माहनूर, बॉल छातीशी धरून.

"आई, नेक्स्ट इयर म्हणे. वुई आर इन ट्वेल्थ!"

चार महिने या सात मुली रोज सकाळी साडेसहाला शाळेच्या पार्किंगमध्ये दोन खांबांना नेट बांधून खेळत होत्या. गाड्या यायला लागल्या की नेट सोडायचं, घडी घालायचं आणि वर्गात पळायचं. सुचित्राने हे लॅबच्या खिडकीतून रोज पाहिलं होतं.

हात पुसून ती प्रिन्सिपल सरांच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, बस एक ही है," सर म्हणाले. "और फिर वो रोड, मॉर्निंग का फॉग. लडकियों का मामला है. रिस्क कौन लेगा?"

"मुलांची बस त्याच फॉगमधून जाणार आहे ना, सर?"

"दॅट इज हायवे. उनके साथ दो सर जा रहे हैं."

"मग मुलींना मी नेते."

सर हसले. "स्टाफ मेंबर अपनी गाडी में स्टुडंट्स को नहीं ले जा सकता. पॉलिसी है."

"शनिवारी मी स्टाफ नाही, सर. शनिवारी मी दियाची आई आहे."

हे वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं तेव्हा तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. कारण खरी गोष्ट अशी होती, की लायसन मिळून दोन वर्षं झाली तरी सुचित्राने घर, शाळा आणि कोऑपचं सुपरमार्केट सोडून कुठेही गाडी नेली नव्हती. घयाथी म्हणजे अबुधाबीपासून अडीचशे किलोमीटरवर, वाळवंटातलं छोटं गाव. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला सात मिनिटं लागतात. स्पर्धा होती मझैराला, लिवाच्या खजुराच्या बागांजवळच्या तशाच एका छोट्या गावात, आणखी दक्षिणेला. मधे मदिनत झायेद हे शहर. जायलाच एकशे साठ किलोमीटर, तेवढेच परत.

घरी येऊन तिने पहिला फोन स्पर्धा भरवणाऱ्या संजय यांना केला. ते मझैराच्या एका क्लिनिकमध्ये फार्मासिस्ट होते आणि भारतीय कुटुंबांसाठी दर वर्षी ही स्पर्धा भरवायचे.

"शाळेने नाव काढून घेतलंय, ताई. आत्ताच मेल आला," ते म्हणाले.

"शाळेशिवाय टीम येऊ शकते का?"

"ओपन टीम म्हणून येऊ शकते. फॉर्म भरा, एक मोठं माणूस मॅनेजर म्हणून सही करेल. पण पहिली मॅच साडेनऊला. पंधरा मिनिटं थांबतो. त्यानंतर समोरच्या टीमला वॉकओव्हर. तुमच्यासाठी रूल बदलणार नाही हां."

"बदलू नका," सुचित्रा म्हणाली. "आम्ही येतो."

मग नवऱ्याचा, प्रकाशचा, फोन आला. तो ऑइल फील्डवर इन्स्ट्रुमेंट सुपरवायझर होता. पंधरा दिवस कॅम्पवर, पंधरा दिवस घरी. हे पंधरा दिवस कॅम्पचे होते.

"सुचित्रा, वेड लागलंय का तुला? त्या रस्त्यावर ट्रक कसे चालतात माहितीये? मदिनत झायेदच्या पुढे कधी गेलीयेस तू?"

"तुझ्या शेजारच्या सीटवर बसून गेलेय."

"तेच म्हणतोय मी. पुढच्या महिन्यात मी घरी असताना आपण सगळे जाऊ. आरामात राहू एक रात्र."

"प्रकाश, स्पर्धा शनिवारी आहे. आणि रात्र राहायची परवानगी एकाही मुलीला मिळणार नाही. जायचं तर त्याच दिवशी जायचं, त्याच दिवशी परत यायचं."

"गाडी एक, मुली सात. बसवणार कुठे?"

बस भाड्याने मिळते का हेही तिने विचारलं होतं. बाराशे दिऱ्हम, म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये. तिने फोन ठेवला आणि चपला घालून हमीदाच्या दुकानात गेली.

हमीदा माहनूरची आई. मूळची हैदराबादची, कोऑपच्या मागे तिचं टेलरिंगचं दुकान. नवरा चार वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून दुकान, मुलगी आणि जुनी पांढरी सनी गाडी ती एकटीच सांभाळत होती. सुचित्रा आत आली तेव्हा ती एका अबायाला काठ लावत होती.

"माहनूर सुबह से खाना नहीं खाई," हमीदा मशीन न थांबवता म्हणाली. "आप प्रिन्सिपल से झगडा करके आये बोलते."

"हमीदा आपा, आपकी गाडी हायवे पे चलेगी?"

मशीन थांबलं. "गाडी तो चलेगी. मैं चलूँगी कि नहीं, वो पूछो."

"मैं भी कभी नहीं गयी."

मग हमीदाने कापड बाजूला सारलं, मापाच्या वहीतलं एक पान टर्रकन फाडलं आणि खडूऐवजी पेन शोधायला लागली.

त्या पानावर सगळा बेत उतरला. निघायचं पावणेसहाला. रस्ता मोकळा असला तर पावणेदोन तास लागतात, पण डिसेंबरात फॉग असतोच, तेव्हा सव्वातीन धरायचे. सुचित्राच्या गाडीत चौघी, हमीदाच्या गाडीत तिघी. पुढे सुचित्रा, मागे हमीदा. दोन्ही गाड्यांत एकेका मुलीच्या हातात फोन सतत चालू. फॉगमध्ये हझार्ड लाइट लावून चालवायचं नाही, दंड होतो; पुढचं अजिबात दिसेना तर पहिल्या पेट्रोल पंपावर थांबायचं. मॅच संपल्या की जेवण. निघायचं अडीचला. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, आत प्रत्येक मुलगी आपापल्या दारात.

शुक्रवारी शाळा बाराला सुटते. दुपारी दोघी आपापल्या गाड्या घेऊन मदिनत झायेदच्या रस्त्यावर चाळीस किलोमीटर जाऊन आल्या. पहिल्याच राउंडअबाउटवर एका टँकरने सुचित्राच्या कानाशी असा हॉर्न मारला की ती बाहेर पडायच्या ऐवजी पुन्हा एक फेरी मारून आली. हमीदाही मागोमाग फिरली. "आप घूमे, तो मैं भी घूमी," ती नंतर म्हणाली. परत येताना ट्रकला ओव्हरटेक करायला सुचित्राला तीन वेळा धीर गोळा करावा लागला. चौथ्या वेळी मात्र ती गेली.

संध्याकाळी ती पाच घरं फिरली. प्रत्येक घरी बेताचं पान दाखवलं, आई-वडिलांची लेखी परवानगी घेतली. चार घरांनी दिली. पाचवं घर शुभ्राचं. तिचे वडील बँकेत होते. त्यांनी पान दोनदा वाचलं.

"प्रिन्सिपल सरांची परवानगी आहे?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," सुचित्रा म्हणाली. "त्यांनी नको म्हटलंय."

"मग आम्हीही नकोच म्हणतो. सॉरी हं, मॅडम."

आत पडद्यामागे शुभ्रा उभी होती. सुचित्राने पानाची घडी घातली आणि ती निघाली. आईबापांच्या घरात उभं राहून त्यांच्या मुलीला फितवणं तिला पटलं नसतं.

सातच्या सुमाराला प्रिन्सिपल सरांचा मेसेज आला. शाळेच्या नावाने, शाळेचं चिन्ह असलेल्या जर्सीत कोणी खेळल्यास कारवाई होईल. सुचित्राने तो हमीदाला वाचून दाखवला.

"जर्सी किसने सिली?" हमीदाने विचारलं. "मैंने सिली. कपडा किसका? माँ-बाप का. सिर्फ वो छोटा-सा निशान उनका है ना? वो मैं ढाँक देती."

तासाभरात सातही जर्सींच्या छातीवर शाळेच्या चिन्हावर गडद लाल कापडाचा चौकोन बसला. सातवी जर्सी शुभ्राची. "वो नहीं आयी तो?" सुचित्राने विचारलं. हमीदाने खांदे उडवले आणि तीही घडी घालून पिशवीत ठेवली.

शनिवारी पहाटे साडेपाचला सगळ्या सुचित्राच्या बिल्डिंगखाली आल्या तेव्हा समोरची मशीद दिसत नव्हती. फॉग इतका दाट की पार्किंगच्या दिव्याखाली पांढरा कापूस पिंजून ठेवल्यासारखा वाटत होता. फोन वाजला. प्रकाश.

"इथं कॅम्पवर दहा फुटांवरचं दिसत नाहीये. कॅन्सल कर."

"सव्वातीन तास धरलेत, प्रकाश. हळू जाईन."

"आणि नाही पोचलात तर?"

"तर तिथं जाऊन हरलो म्हणू. इथं बसून नाही हरणार."

तो मग म्हणाला, "पुढच्या गाडीच्या लाइटवर विसंबू नकोस. डावीकडे... नाही, उजवीकडे जी पिवळी रेघ आहे ना, ती धर. आणि मला लोकेशन पाठवत राहा."

पावणेसहाला गाड्या सुरू करताना एक टॅक्सी येऊन थांबली. तिच्यातून शुभ्रा उतरली आणि पाठोपाठ तिची आई, घरातल्याच सलवार-कमीजमध्ये. त्या बाईंना सुचित्राने कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

"ह्यांना मी सांगून आलेय," त्या म्हणाल्या. "विचारलं नाही, सांगितलं." आणि त्यांनी चिठ्ठी पुढे केली. सही त्यांची होती.

रस्त्यावरच्या बोर्डांवर ऐंशीची मर्यादा चमकत होती, पण सुचित्रा साठच्या वर गेली नाही. दिया फोनवर मागच्या गाडीला सांगत होती, "राउंडअबाउट कमिंग, सेकंड एक्झिट, सेकंड!" मागून माहनूर तेच आपल्या आईला हिंदीत ओरडून सांगत होती. सुचित्रा रेघ धरून होती. मान आखडली, डोळे चुरचुरत होते. मदिनत झायेदच्या अलीकडे रेघही दिसेनाशी झाली तेव्हा ती पेट्रोल पंपावर वळली आणि थांबली.

वीस मिनिटं. मुली घड्याळ बघत होत्या. हमीदाने सगळ्यांना दुधाचा कडक करक चहा घेऊन दिला. "यल्ला ना, चला ना, आंटी," एक मुलगी म्हणाली, "वुई विल मिस इट."

"मिस झालं तर होऊ दे," सुचित्रा म्हणाली. "मी सात जणींना दारात परत नेऊन सोडायचा शब्द दिलाय. जिंकून द्यायचा नाही दिला."

आठला फॉग जरा वर उचलला. त्या निघाल्या. मदिनत झायेद मागे पडलं, रस्ता दक्षिणेला वळला आणि ऊन पडलं तसे दोन्ही बाजूंना वाळूची तांबूस टेकाडं उभी राहिली, घयाथीजवळच्यापेक्षा कितीतरी उंच. सुचित्राने पहिल्यांदा काटा शंभरवर नेला. समोर खडीचा ट्रक. तिने आरसा पाहिला, इंडिकेटर दिला आणि एका दमात पुढे गेली. "मम्मी भी गयी!" फोनमधून माहनूर किंचाळली.

मझैराचा हॉल शोधायला मात्र वेळ गेला. नऊ अडतीसला त्या पार्किंगमध्ये पोचल्या. आत समोरची टीम वॉकओव्हरसाठी रांगेत उभी होती आणि त्यांचे कोच संजय यांना म्हणत होते, "खलास, सर, डिक्लेअर करो." संजय यांनी हातातलं घड्याळ त्यांच्यासमोर धरलं.

"सात मिनिटं आहेत अजून."

लाल चौकोनांच्या जर्सी घातलेल्या सात मुली पळत आत आल्या. फॉर्मवर टीमचं नाव विचारलं तेव्हा माहनूरने क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'घयाथी'. नुसतं घयाथी. मॅनेजरच्या रकान्यात दोन सह्या झाल्या, एक मराठी, एक उर्दू.

पहिली मॅच त्यांनी जिंकली. दुसरीही. सेमीफायनलला अबुधाबीहून आलेली टीम होती, खऱ्या कोर्टवर, खऱ्या कोचकडून शिकलेली. तिसऱ्या सेटपर्यंत खेचलं आणि दोन पॉइंटनी हरल्या. शेवटचा बॉल शुभ्राच्या हातातून सुटला. ती जमिनीवर बसून रडायला लागली, तशी सहाजणी तिच्याभोवती बसल्या. सुचित्राचा घसा ओरडून बसला होता; तिला "ऊठ गं" एवढंही म्हणता येईना.

अडीचला निघायचं ठरलं होतं, अडीचलाच निघाल्या. पाच वाजायच्या आत घयाथी आलं. एकेक मुलगी आपल्या दारात उतरली. शुभ्राचे वडील खाली उभे होते. त्यांनी मुलीची बॅग घेतली, सुचित्राकडे पाहिलं आणि विचारलं, "फॉग होता ना?"

"होता," ती म्हणाली. "थांबलो."

त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

सोमवारी प्रिन्सिपल सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून मेमो पुढे सरकवला. स्टाफने पॉलिसी मोडली, विद्यार्थिनींना धोक्यात घातलं. खाली सहीची जागा. सुचित्राने तो उभ्यानेच वाचला. नोकरी जाऊ शकते हे तिला कळत होतं. तिने पेन घेतलं आणि सहीच्या वर लिहिलं: 'मिळाला. मान्य नाही. शनिवारी मी पालक होते आणि सातही मुलींच्या घरची लेखी परवानगी माझ्याकडे आहे.'

"ये फाइल में जायेगा, मॅडम," सर म्हणाले.

"जाऊ दे, सर. एक कॉपी मला द्या. आणि जानेवारीत मदिनत झायेदला मुलींची अजून एक स्पर्धा आहे. बस आजच मागून ठेवतेय, लेखी."

सरांनी अर्ज घेतला. हो म्हणाले नाहीत, पण परतही दिला नाही. सुचित्रा बाहेर आली. अकरावीचा तास सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि ब्युरेट भरायचे राहिले होते. ती जिना चढता चढता हमीदाला फोन लावत होती.