बेसिनसमोरची शिंक

बर्फाच्या उतारांवरच्या बचावपथकात तिची पंधरा वर्षं गेली होती. कुणी पडलं, कुणाचं हाड मोडलं, की पाठीवर सामान टाकून स्कीवरून तिथे पोचायचं, माणसाला स्लेजवर बांधायचं आणि ती लांबट, घसरती गाडी स्वतः पुढे राहून सांभाळत पायथ्याशी आणायची, हे तिचं काम. वादळं झाली, दोनदा हिमस्खलनं झाली, एकदा एका घाबरलेल्या पैलवानाने तिचा हात चावला. एवढं होऊनही तिला स्वतःला कधी खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. झालं ते घरी, बेसिनसमोर.

जानेवारीतल्या एका सकाळी ती चूळ भरायला वाकली आणि तिला शिंक आली. तिची शिंक नेहमीच खणखणीत असायची, तशीच ही. पण शिंकून झाल्यावर ती सरळ व्हायला गेली तर होता येईना. कमरेतून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत सणकन वीज उतरली. बेसिनची कड धरून ती तशीच काटकोनात उभी राहिली, हनुवटीवर पेस्टचा फेस.

नवरा शाळेत गणित शिकवायचा. शर्टाची बटणं लावत तो आला, तिला बघून आधी हसला. मग तिच्या कपाळावरचा घाम दिसला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे," हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी एमआरआय दाखवत सांगितलं. "ती नस दाबते आहे. सध्या ऑपरेशन नको. सहा आठवडे विश्रांती, गोळ्या आणि व्यायाम. पाऊल याहून जास्त लुळं पडलं तर मात्र तडक इकडे या."

"आणि स्की?"

"आधी दहा मिनिटं खुर्चीत बसून दाखवा."

घरी आल्यावर तिने बैठकीच्या खोलीत जमिनीवर पथारी टाकली. पोटऱ्या खुर्चीवर ठेवून उताणं पडलं की कळ जराशी कमी व्हायची. नवऱ्याने पथकप्रमुखांना फोन लावला. त्यांना सगळे मामा म्हणत. "पाठ गेली हिची," एवढंच तो म्हणाला, कारण दुपारच्या शाळेची घंटा व्हायला पंधरा मिनिटं होती. पुढचं मामांनी स्वतःच ठरवलं. आदल्या दुपारी तिने चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या एका धिप्पाड माणसाला वरच्या उतारावरून खाली आणलं होतं. त्याचा घोटा मोडला होता, आणि शेवटचा पट्टा सपाट असल्याने तिला ती स्लेज अक्षरशः ओढावी लागली होती. तेव्हाच पाठ गेली, असं मामा धरून चालले. संध्याकाळी चष्मेवाल्याने आभार मानायला पथकाला फोन केला, तेव्हा त्यांनी त्यालाही तेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. प्लास्टरमधला पाय आणि दोन कुबड्या घेऊन, लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले चढून तो आला होता. साठीला टेकलेला, घामाने निथळलेला. जमिनीवर पडलेल्या तिला बघून त्याचे डोळे भरून आले.

"ताई, माझ्यामुळे झालं हे सगळं," तो म्हणाला. "एकशे अठरा किलोचा माणूस मी. मला लाज वाटायला हवी होती."

सांगायला तिने तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात पायातून पुन्हा कळ गेली. आणि तीन मजले कुबड्यांवर चढून आलेल्या माणसाला 'अहो, मी नुसती शिंकले' असं कसं सांगायचं, तेही तिला सुचेना. "असू दे, काका," ती म्हणाली. ते दोन शब्द पुढे तिच्या चांगलेच अंगाशी आले.

कारण मग दर सोमवारी, दुकान बंद असलं की, काका यायला लागले. एकदा त्यांनी तिच्यासाठी एक अजब चष्मा आणला. तो घालून उताणं पडलं की नजर काटकोनात वळायची आणि छातीवर उभं धरलेलं पुस्तक मान न उचलता वाचता यायचं. त्यांनी तो तिच्या नंबरप्रमाणे स्वतः बनवला होता. त्या चष्म्यातून तिने त्या महिन्यात नऊ कादंबऱ्या वाचल्या. एकाही कादंबरीत तिचं मन रमलं नाही.

"सांगून टाक ना," नवरा म्हणायचा.

"आता कसं सांगू? सहा सोमवार झाले."

"लोकांच्या कामात माशी शिंकते. तू स्वतःच शिंकलीस. आता निस्तर तूच."

ती हसली, आणि हसल्यावर कमरेत दुखलं म्हणून त्याच्यावर चिडली.

मार्चपासून फिजिओथेरपी सुरू झाली. फिजिओ पंचविशीची मुलगी होती, बोलायला गोड आणि व्यायामाच्या बाबतीत दगड. पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची, दिवसातून सहा वेळा. भिंतीला टेकून खुर्चीत बसल्यासारखं उभं राहायचं. डावं पाऊल जमिनीवरून वर उचलायचं, पन्नासदा. पहिल्या आठवड्यात ते पाऊल भिजलेल्या पायमोज्यासारखं नुसतं लोंबायचं. चौथ्या आठवड्यात अंगठा हलला. फिजिओने शांतपणे वहीत नोंद केली आणि म्हणाली, "मॅडम, आता शंभरदा."

एकदा तिने फिजिओला विचारलं, "नुसत्या शिंकेने गादी सरकते?"

"सरकते. पण ती आधीच वर्षानुवर्षं झिजलेली असते. वजनं उचलणं, वाकणं, तुमचं सगळं काम. शिंक निमित्त झाली. ती आली नसती तर पिशवी उचलताना झालं असतं."

हे उत्तर घेऊन ती बरेच दिवस फिरत राहिली. त्यात तिला सुटकाही दिसत होती आणि नवी पळवाटही. काकांचा थोडाफार वाटा होता म्हटलं, तर मग सांगायची गरजच काय?

पण मेमध्ये एका सोमवारी काकांऐवजी त्यांची बायको आली. काकांना सर्दी झाली होती. काकू बारीक, चटपटीत, चहा घेता घेता सहज बोलून गेल्या, "ह्यांनी स्की विकून टाकली. मला म्हणतात, माझ्यापायी एका बाईची पाठ मोडली, आता मी परत वर जाणार नाही. पस्तीस वर्षं आम्ही दोघं जोडीने जातो. मी एकटी जाऊन काय करू? वर नेणाऱ्या तारेवरच्या लिफ्टच्या खुर्चीत बसून कुणाशी भांडू?"

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चालत काकांच्या दुकानात गेली. वीस मिनिटांचा रस्ता, आजारपणानंतरचं तिचं सर्वांत लांब चालणं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिला स्वतःच्या पायांनी आत आलेली बघून काका इतके हरखले की ती काही बोलायच्या आत त्यांनी तिला डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं, नाकावर ती जाडजूड लोखंडी चौकट चढवली आणि भिंग सरकवलं.

"बसताय छान. दुखत नाही ना? खालून दुसरी ओळ वाचा."

तिने वाचली नाही. समोरच्या अक्षरांकडे बघत ती म्हणाली, "काका, माझी पाठ तुमच्यामुळे गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. बेसिनसमोर. मला शिंक आली."

मागे काका भिंगांच्या पेटीपाशी उभे होते.

"शिंक," ते म्हणाले.

"हो. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. लाज वाटली. मग तुम्ही चष्मा आणलात, मग अजून लाज वाटली."

काका हळूच शेजारच्या स्टुलावर बसले. त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चार महिने मला झोप नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता आणि तो तिला मान्य होता. "डोळे मिटले की तुम्ही त्या सपाटीवर स्लेज ओढताना दिसायचात. मी वरून तुम्हाला गाणं म्हणून दाखवत होतो, आठवतं? औषधाच्या तारेत."

"आठवतं. सूर बरा होता."

"मी स्की विकली, ताई. अकरा किलो वजन कमी केलं. संध्याकाळचं जेवण सोडलं." ते थांबले. त्यांच्या गालाचा एक स्नायू हलायला लागला. "बेसिनसमोर?"

"तोंडात पेस्ट होती."

काका हसायला लागले ते थांबेचनात. स्टूल करकरलं. तिला खूप दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. तीही हसली, आणि हसताना पाठीत काही दुखलं नाही हे तिच्या लक्षात आलं.

मग तिने फिजिओचं म्हणणंही प्रामाणिकपणे सांगितलं. पंधरा वर्षांची झीज, त्यात शे-दीडशे माणसं, आणि त्यातलेच एक ते.

"म्हणजे माझा वाटा किती?"

"एक टक्का धरा."

"एक टक्का चालेल," काका म्हणाले. "एका टक्क्यात झोप लागते. आता ती ओळ वाचा."

हिवाळा आला. डॉक्टरांनी आणि फिजिओने डिसेंबरमध्ये होकार दिला: सोपा उतार, अर्धा तास, उड्या नाहीत, स्लेज तर या वर्षी मुळीच नाही. तरी दोन शनिवार तिने काही ना काही कारण काढून घालवले. एकदा वारा फार होता. एकदा बुटाचा क्लिप सैल होता. नवऱ्याने तो क्लिप घट्ट करून बूट दारात ठेवले.

तिसऱ्या शनिवारी काका-काकू तिला न्यायला आले. काकांनी भाड्याने स्की घेतली होती. पायथ्याच्या लाकडी खोलीत बूट चढवायला ती बाकावर बसली, पण तिला वाकायचा धीर होईना. काकू खाली बसल्या आणि त्यांनी तिच्या बुटांचे क्लिप एकेक करून लावले, शाळेत निघालेल्या लेकीचे लावावेत तसे. "मीही घाबरलेच आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांना परत आणलंय ना."

उतार लहान मुलांचा होता. शेजारून चार-पाच वर्षांची पोरं दोरीला धरून वर चालली होती. तिने इथे कितीतरी वेळा माणसं उचलली होती, आणि आज तिलाच गुडघे वाकवायचे कसे ते आठवत नव्हतं. मामा खालून वॉकीटॉकी हातात घेऊन बघत होते. बघत नाही असं दाखवत होते.

ती सुटली. पहिलं वळण उजवीकडे. त्यासाठी भार डाव्या पायावर टाकायचा, ज्या पायाने तिला दगा दिला होता त्याच पायावर. तिने टाकला. अंगठ्याखाली स्कीची कड बर्फात रुतली आणि ती रुतलेली तिला कळली. बुटाच्या, मोज्याच्या आतून, स्पष्ट. वर्षभर तो अंगठा कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा होता. मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. मागून काकू काकांना ओरडत होत्या, "सावकाश. वजन उतरलंय, अक्कल नाही." काका लांब, आरामशीर वळणं घेत होते आणि काहीतरी गुणगुणत होते.

खाली पोचल्यावर मामा म्हणाले, "फेब्रुवारीपर्यंत तू रेडिओच्या खोलीत. पुढचं पुढे."

"चालेल," ती म्हणाली. तिला खरंच चालणार होतं.

अर्धा तास संपायला बारा मिनिटं होती. तिघं परत लिफ्टच्या खुर्चीत बसली. काकू काकांशी बुटांवरून भांडायला लागल्या आणि दोघांच्या मधे बसून ती खालचा उतार, पोरांच्या रंगीत टोप्या, स्वतःच्या लोंबत्या स्की बघत राहिली. वर पोचायला आल्यावर तिच्या ध्यानात आलं की गेली दहा मिनिटं तिने पाठीचा विचारच केला नव्हता. तिने खुर्चीसमोरचा आडवा दांडा वर उचलला आणि सगळ्यांत आधी उतरली.