कानाचं मशीन

सारजाबाईनं दोन बारीक स्क्रू सोडवले, ते काडेपेटीत ठेवले आणि सासऱ्याच्या कानाचं मशीन खिडकीच्या उजेडात उघडून धरलं. शर्टाच्या खिशात मावणारी पांढरी डबी, तिच्यातून कानात घालायच्या बोंडापर्यंत जाणारी वायर आणि कडेला आवाज कमी-जास्त करायचं चाक.

"व्हईल का?" पुंजारामनं दारातून ओरडून विचारलं. शहरात औरंगपुऱ्यातली दोन दुकानं फिरून झाली होती. तिथं कुणी हात लावला नाही, म्हणून तो सुनेकडं आला होता.

तिनं होकाराची मान हलवली. चाकाखाली घामाचा मळ साचला होता, एवढंच. स्पिरिटच्या बोळ्यानं तो निघाला. डबी बंद करायची तेवढी राहिली होती, पण सारजाबाईचे हात थांबले.

सात वर्षांपूर्वी हर्सूलच्या मळ्यात तिचा नवरा बद्रीनाथ विहिरीवरची मोटार चालू करायला गेला आणि स्टार्टरला चिकटून मेला. मोटारीची जोडणी सारजाबाईची होती. तिला हौसच तसली. बिघडलेला रेडिओ खोलावा, मिक्सर जोडावा. बद्रीनाथ कौतुकानं पक्कड हातात देई. 'बाईनं विजेत हात घातला अन् माझ्या लेकाला खाल्लं,' असं पुंजारामनं दहाव्याला सगळ्या भावकीपुढं सांगितलं, आणि तेव्हापासून सांगतच होता. गावातल्या कुणी त्यानंतर तिच्याकडं साधी इस्त्री दुरुस्तीला आणली नाही. शहरातला एक दुकानदार पिशवीतून काम पाठवी, तेही कुणाला सांगू नका म्हणून.

तेरावा झाल्यावर ती एकटी मळ्यात गेली होती. स्टार्टरपासून जमिनीत उतरवलेली अर्थिंगची तांब्याची तार जागेवर नव्हती. ती दोडक्याच्या मांडवाला आवळलेली होती. टोकाला सारजाबाईनं घातलेला पीळ तसाच होता. मांडव सासऱ्यानं बांधलेला. तार जागेवर असती, तर स्टार्टरच्या पेटीत उतरलेली वीज मुकाट मातीत गेली असती.

हे तिनं त्याला कितीदा सांगू पाहिलं. "मामा, ती तार..." एवढं निघालं की पुंजारामचा अंगठा खिशाकडं जाई. चाक फिरवून मशीन बंद. मग तो तिच्या हलणाऱ्या ओठांकडं निवांत बघत बसे. त्या निवांतपणानं तिच्या अंगाची आग आग होई.

तिनं सोल्डरिंगची गन तापवली. चाकाला वळसा घालून केसाएवढी तार जोडून टाकली. आता चाक नुसतंच फिरणार होतं. आवाज पुरा, आणि बंद होणं नाही.

डबी मिटून तिनं सासऱ्याला समोर बसवलं आणि ती त्याच्या खिशात ठेवली. कानात बोंडही स्वतःच बसवलं.

"येतंय ऐकू?"

"व्हय की. लई साफ."

"मग ऐका, मामा."

आवाज न चढवता तिनं सगळं सांगितलं. तार कुठं होती, कुठं सापडली, पीळ कुणाचा होता. "तुमच्या लेकाला मी नाय मारलं. तुमच्या हातानं मेला तो."

अंगठा खिशाकडं गेला. चाक फिरलं. पुन्हा फिरलं, उलटं, सुलटं. सारजाबाई बघत राहिली. सात वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. तिनं पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतलं.

कानातलं बोंड काढायला एक बोट पुरलं असतं. पण पुंजारामचा हात खिशावरून घसरून मांडीवर पडला.

"मांडव कलला व्हता," तो म्हणाला. एवढ्या हळू त्याला बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. "तार दिसली, घेतली. ती कशाची, मला काय ठावं? मग वायरमन बोलला, तवा कळलं."

"कधी बोलला?"

तो मांडीवरचं धोतर चिमटीत चुरगाळू लागला.

"कधी, मामा?"

"दहाव्याच्या आदल्या दिशी."

सारजाबाईनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. मनकर्णाबाई, तिची सासू, गिरणीवरून दळण घेऊन येत होती. पुंजारामनं तिकडं पाहिलं आणि सुनेचं मनगट धरलं.

"सारजा, तिला तूच सांग आता. मला लई दिवसांचं सांगायचंय, पर माझ्यानं नाय व्हत. तू सांग. मी नाय म्हणणार नाय."

त्याचे डोळे भरले होते. पण कपाळावरच्या आठ्या आत्ताच सैल पडायला लागल्या होत्या, आणि ते सारजाबाईनं पाहिलं. तिनं मनगट सोडवून घेतलं. उठून म्हातारीच्या डोक्यावरचा डबा उतरवला आणि घोंगडी अंथरली.

"आत्या, बसा," ती म्हणाली. "मामांना तुमच्यासंगं बोलायचंय."

"माझ्यासंगं? काय वो?" पदरानं पीठ पुसत मनकर्णाबाई नवऱ्यासमोर बसली.

सारजाबाईनं पाण्याचा तांब्या दोघांच्या मधे ठेवला, दार लोटलं आणि दाराला पाठ टेकून तीही ऐकायला बसली.