टाचणीवरची पिवळी चिठ्ठी

चिठ्ठी पिवळी होती, करंगळीच्या नखाएवढी, आणि टाचणीवर सगळ्यात खाली. वर पुठ्ठ्याच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकाला चिकटवलेला तांबूस भुंगेरा, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्याखाली सौदामिनीच्या अक्षरातली जुनी पांढरी चिठ्ठी – मुरुड, भुयार, तारीख – आणि तिच्याही खाली ही नवी, छापील. तिनं ती भिंगातून तीनदा वाचली. भुंगेऱ्याच्या जातीला तिचं नाव दिलेलं होतं, आणि त्या नावामागं तिच्या गुरूंचं, अनंतराव सरांचं आडनाव आणि हे वर्ष. डबा सकाळीच लातूरहून कुरिअरनं कॉलेजात आला होता. सोबत सरांच्या लेखाची छापील प्रत, आणि प्रतीवर निळ्या शाईत एकच शब्द – 'तुझ्यासाठी'.

बाहेरच्या माणसाला यात काही खटकलं नसतं. पण ती गेली बावीस वर्षं नांदेडच्या या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होती आणि दरवर्षी एक तास याच्यावर घेत होती, की बाबांनो, नवी जात जो पहिल्यांदा वर्णन करून छापतो त्याचं आडनाव त्या नावामागं कायमचं लागतं. नाव कुणाचंही द्या, गावाचं द्या, गुरूचं द्या, बायकोचं द्या, फक्त स्वतःचं देऊ नका. नियम नाही, रीत आहे, पण जो मोडेल त्याला या धंद्यातले लोक मरेपर्यंत हसतात. म्हणजे ज्याचं नाव दिलं, तो देणारा नव्हे. सरांनी तिचं नाव दिलं, आणि म्हणून लेखकांत ते एकटेच उरले. शाल पांघरली आणि त्याच हातानं खुर्ची काढून घेतली – आणि समोरचे सगळे टाळ्या वाजवतायत.

अकरा वर्षं. मुरुडजवळच्या शिवारात रामकिशनच्या विहिरीचं काम चाललं होतं तेव्हा खडकात ते भुयार लागलं, आणि आत गेलेल्या त्या शेतकऱ्यानं काड्यापेटीत दोन लाल किडे आणून तिच्यासमोर धरले होते. "ताई, यांला डोळेच न्हाईत. बघा तरी." खरंच नव्हते. डोळ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत कड. मग दर महिन्याला नांदेडहून मुरुड, पोटावर सरपटत आत, मातीत काठापर्यंत पुरलेले प्लास्टिकचे पेले, त्यात सुकटाचा तुकडा – ओळखीच्या कुणी पाहू नये म्हणून ती बाजारात तोंडाला ओढणी बांधून सुकट घ्यायची, घरी कळलं असतं तर देवघरच धुवून काढलं असतं – आणि सकाळी पेल्यात एक किंवा शून्य. बहुधा शून्य. अकरा वर्षांत एकोणीस भुंगेरे. प्रत्येकाच्या डोक्यावरचा एकेक केस तिनं मोजला, कारण डोळे नसलेल्या प्राण्याचं जग त्या केसांवरच चालतं, आणि मापं, चित्रं, सगळं सरांना पाठवत राहिली. सर याच कॉलेजातून निवृत्त झालेले, आता लातूरला, चौऱ्याहत्तर वर्षांचे. पण या भुंगेऱ्यांतलं त्यांच्याएवढं कळणारं इकडे दुसरं कोण होतं?

लेखातली चित्रं तिची होती. एका भुंगेऱ्याची उजवी मिशी तुटलेली होती, ती तिनं तुटकीच काढली होती. छापली तीही तुटकीच. शेवटी आभार – नमुने गोळा करण्यात मदत केल्याबद्दल. मदत! तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप, आणि संतापात लाजच जास्त, की आपण इतकी वर्षं या माणसाच्या पाया पडलो.

"म्याडम," नीलाबाई दारातून म्हणाली. प्रयोगशाळेची सगळी भांडीकुंडी तिच्याच हाताखाली. "तिकडं पेढे वाटून राहिले प्राचार्य. किड्याला तुमचं नाव देलं म्हनं?"

"हो."

"लई चांगलं झालं बघा. अजून एखादा सापडला तर माझ्या सासूचं द्या. तिला बी कुनाचं काही दिसत न्हाई."

सौदामिनी हसली. हसू आलं याचा तिला रागच आला. नीलाबाईनं पेढा कागदावर ठेवला, भिंगाच्या अगदी शेजारी, आणि गेली.

मग तिनं लेख पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला, तपासणीसाच्या डोळ्यांनी, आणि चौथ्या पानावर थांबली. आढळ – मुरुड आणि नायगाव. दोन्हीकडचे भुंगेरे एकच जात म्हणून लावलेले. नायगावच्या टेकडीतल्या कपारीतही तिला तसेच बिनडोळ्यांचे भुंगेरे मिळाले होते हे खरं, पण सगळ्या माद्या. आणि यांच्यात जात ठरते ती नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरून. नर मिळेपर्यंत थांबू, असं तिनं सरांना चारदा कळवलं होतं. अंधारात राहून राहून वेगवेगळ्या घरचे किडेही सारखे दिसायला लागतात, डोळे नाहीत म्हणून भाऊ ठरवू नका – हे तिला कुणी शिकवलं? सरांनीच, पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या तासाला. आणि आता तेच घाई करून बसले. वयामुळे असेल. किंवा...

नर तिला मिळाला होता. गेल्या नोव्हेंबरात, एकच. तिनं तो भिंगाखाली उघडला होता. मुरुडच्या नराचं टोक आकड्यासारखं वळलेलं असतं, याचं सरळ होतं, सुईसारखं. दोन जाती होत्या, शंकाच नव्हती. आणि ते तिनं सरांना कळवलं नव्हतं. दुसरा नर मिळाला की कळवू, खात्री झाली की कळवू – आठ महिने. तो नर ठेवलेली काचेची नळी इथं कॉलेजातही नव्हती, घरी होती, तिच्या साड्यांच्या कपाटात. कारण प्रयोगशाळेच्या कपाटाची एक किल्ली निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही सरांकडेच होती, आणि ती परत मागायची तिची छाती झाली नव्हती. पण मग नोव्हेंबरात, जेव्हा कुणी कुणाला फसवलं नव्हतं... मी तो नर कुणापासून लपवत होते? मला तेव्हाच ठाऊक होतं का? ठाऊक होतं तर बाकीचं सगळं का पाठवत राहिले, हवं ते घ्या म्हणून?

फोन वाजला. सर.

"मिळाला डबा?"

"मिळाला, सर."

"मग? बघितलंस ना?"

"तुम्ही आधी सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस. ओळखत नाही का मी तुला? तुझं नाव द्यायचं म्हटल्यावर तुला लेखकांत कसं घेणार? लोक हसले असते, बाई, आणि तुलाच हसले असते." ते थांबले, दम लागला होता. "माझं आडनाव दहा किड्यांमागं लागलंय. कोण विचारतं? नाव तुझं राहील. मी गेल्यावरसुद्धा."

त्यांचा आवाज भरून आला होता. खोटं बोलत नव्हते ते. खोटं बोलत असते तर तिला भांडता आलं असतं.

"चित्रं माझी होती, सर."

"आभारात लिहिलंय की," ते म्हणाले, जरा दुखावून. मग नेहमीच्या, शिकवणाऱ्या आवाजात: "बरं, ते नायगावच्या नराचं काय झालं गं? मिळाला का? नसला तरी आता अडत नाही म्हणा, मादीवरूनच लावून टाकलं मी."

आत्ता सांगायचं. एका वाक्याचं काम होतं. सरांनी दुरुस्ती छापली असती, चूक स्वतःच्या हातानं निस्तरली असती, अब्रूही राहिली असती. आणि त्या सरळ टोकाच्या भुंगेऱ्यामागंही त्यांचंच आडनाव लागलं असतं, तिचं नाही – तेही त्यांनी मायेनंच केलं असतं.

"नाही, सर," ती म्हणाली. "अजून नाही मिळाला."

"असू दे, असू दे. दमू नकोस फार."

"तुम्ही तब्येतीला जपा, सर. औषधं वेळेवर घ्या."

फोन ठेवल्यावर तिनं वाईट वाटायची वाट पाहिली. सरांशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती. वाटायला हवं होतं. सकाळपासून छातीत बसलेला संतापही शोधून तिला सापडेना. सापडली ती औषधांची काळजी, आणि ती अगदी खरी होती. तेवढ्याच खऱ्या मायेनं ती आता, दुसरा नर हाती येईपर्यंत, त्यांच्या चुकीवर नजर ठेवून बसली होती, घाई न करता, त्यांनीच शिकवलेल्या चिकाटीनं.